पूरबोटीचे इंजिन : दीर्घ विश्रांतीनंतरची दुरुस्ती

खानदेश हा कोरड्या हवेचा मुलूख. कापूस, केळी, ज्वारी आणि मे महिन्यात ४५ अंशांच्या वर जाणारा पारा ही त्याची ओळख. यांत्रिक होडी आणि खानदेश यांचा संबंध जोडणे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. तथापि सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या या सखल प्रदेशातून तापी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते आणि वाघूर, गिरणा, बोरी, अनेर, पांझरा या नद्या तिला जळगाव व धुळे जिल्ह्यांतच येऊन मिळतात. चांगदेव येथे पूर्णा तापीला मिळते व त्या संगमाच्या खालच्या अंगास हतनूरचे धरण आहे. बुऱ्हाणपूरकडे किंवा विदर्भात पूर्णेच्या खोऱ्यात जोराचा पाऊस झाला की हतनूरच्या ४१ दरवाजांपैकी कधी काही, कधी सर्व उघडावे लागतात आणि तापीकाठच्या गावांना सावधगिरीचा इशारा दिला जातो. आकाश निरभ्र असताना, आपल्या गावात थेंबही पडलेला नसताना नदी चढू लागते, हा येथील जुन्या माणसांचा अनुभव आहे.

सर्वच पूर बोटीच्या आवाक्यातील नसतात, हे येथे सांगितले पाहिजे. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी चाळीसगावात तितूर आणि डोंगरी या नद्यांचे पाणी शिरले. अशा लहान नद्यांचा लोंढा डोंगरातून येतो आणि काही तासांत ओसरतो. अरुंद गल्लीतील त्या ओढीत बोट घालणे बहुधा धोक्याचेच असते. बोटीचे खरे काम तापीच्या रुंद पात्रात, पाण्याने वेढलेल्या मळ्यात, धरणांच्या आणि बंधाऱ्यांच्या फुगवट्यात असते. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी धुळे येथे आहे, ही या दोन जिल्ह्यांना मोठीच जमेची बाजू. पण धुळ्याहून मुक्ताईनगर किंवा रावेरकडील गाव सुमारे १५० किलोमीटर पडते. ती तुकडी पोहोचेपर्यंतचे पहिले दोन-तीन तास तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या बोटीवर आणि ती चालविणाऱ्यांवर अवलंबून असतात.

मे महिन्यातील मान्सूनपूर्व आढावा बैठकीत साधनसामग्रीची यादी वाचली जाते. तीत बोटीसमोर ‘सुस्थितीत’ असा शब्द लिहिलेला असतो. हा शब्द जडवस्तू संग्रह नोंदवहीतून उतरला असेल तर त्याचा अर्थ एवढाच की, वस्तू गोदामात आहे. ती सुरू होते किंवा नाही, याचे उत्तर दोरी ओढल्याशिवाय मिळत नाही. आणि आठ-दहा महिने उभ्या असलेल्या जुन्या इंजिनाची दोरी काहीही न पाहता ओढणे हीच दुरुस्तीतील पहिली चूक होय.

राजदूतचा भाऊबंद

बोटीच्या मागील फळीला अडकवायच्या या इंजिनाला आउटबोर्ड मोटर म्हणतात. अमेरिकेतील मिलवॉकी येथे ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराने १९०९ मध्ये अशा इंजिनांचा व्यवसाय सुरू केला आणि पुढे त्याचे नाव जगभरच्या होड्यांवर दिसू लागले. त्या नावाच्या इंजिनांचे उत्पादन २०२० मध्ये बंद झाले. जुन्या इंजिनाचे सुटे भाग मिळविणे हा म्हणूनच दुरुस्तीचा अर्धा भाग ठरतो. इंजिनाच्या पकडीवर असलेल्या धातूच्या पट्टीवरील मॉडेल क्रमांक व अनुक्रमांक आधी कागदावर उतरवून घ्यावा. त्या क्रमांकाशिवाय मागविलेला भाग बहुधा परत पाठवावा लागतो आणि त्यात आठवडे जातात. हे काम जूनमध्ये नव्हे, एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात सुरू व्हावे, ते यासाठी.

जुनी बहुतेक आउटबोर्ड इंजिने टू-स्ट्रोक जातीची आहेत. राजदूत, येझदी या मोटारसायकली ज्यांनी वर्षानुवर्षे उघडल्या व जोडल्या, असे कारागीर जळगाव, भुसावळ, अमळनेर, धुळे, शिरपूर येथे आजही सापडतात. त्यांना प्लग, कार्बोरेटर, कॉइल व पॅकिंग यांत नवे काही नाही. तापीवरील उपसा सिंचन योजनांमुळे पाण्याच्या पंपाचा इंपेलर काय असतो, हेही केळी पट्ट्यातील शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. तेव्हा ‘येथे बोटीचा मेकॅनिक नाही’ ही सबब अर्धीच खरी आहे. मोटारसायकलीहून हे इंजिन तीनच बाबतींत वेगळे आहे : ते हवेने नव्हे तर नदीच्या पाण्याने थंड होते, त्याची गिअरपेटी पाण्याखाली बुडालेली असते, आणि त्याला वेगळ्या प्रकारचे तेल लागते. चुका होतात त्या मुख्यतः याच तीन ठिकाणी.

दोरी ओढण्यापूर्वी

इंजिन एका भक्कम लाकडी घोडीवर उभे बसवावे आणि वरचे झाकण काढावे. पहिले दर्शन बहुधा उंदरांच्या घरट्याचे घडते. चिंध्या, कापूस, कुरतडलेल्या तारा असे काय काय त्यात असते. तारा एकेक करून तपासाव्यात. इंजिनातून थंड करणारे पाणी जेथून बारीक धारेने बाहेर पडते, त्या भोकात कुंभारीण माशीने मातीचे घर केलेले असते, हेही खानदेशातील गोदामात नेहमीचेच. बारीक तारेने ते मोकळे करावे. ही धार म्हणजे इंजिनाची नाडी होय, पुढे तिचे काम पडणार आहे.

त्यानंतर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चहाचा चमचाभर टू-स्ट्रोक तेल सोडावे आणि इंजिन रात्रभर तसेच ठेवावे. दुसऱ्या दिवशी वरचे चक्र हाताने हळूहळू फिरवून पाहावे. ते दोरी ज्या दिशेने ओढते त्याच दिशेने, म्हणजे सामान्यतः वरून पाहता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवावे. उलट फिरविल्यास खालच्या पंपाची रबरी पाती विरुद्ध बाजूस मुडपतात. चक्र फिरलेच नाही तर पान्याला लोखंडी नळी लावून जोर करण्याचा मोह होतो. तो आवरावा. पिस्टन गंजाने धरला असेल तर झिरपणारे तेल पुन्हा सोडून चार-सहा दिवस वाट पाहावी. घाईने मोडलेली पिस्टनची रिंग वाट पाहून वाचलेल्या वेळेपेक्षा फार महाग पडते.

चक्र फिरू लागल्यावर दाब पाहावा. दाबमापक प्लगच्या जागी बसवून मोटारसायकलीच्या गॅरेजमध्येही हे काम होते. आकड्यापेक्षा दोन सिलिंडरांमधील फरक महत्त्वाचा. तो १० ते १५ टक्क्यांहून अधिक असेल तर रिंग, सिलिंडरची भिंत अथवा वरचे पॅकिंग यांपैकी काहीतरी गेले आहे. अशा इंजिनावर पुढील मेहनत करण्यापूर्वी थांबून विचार करावा. सिलिंडरला खोल चरे पडले असतील, ठोकळ्याला तडा असेल किंवा गिअरचे दात झडले असतील तर निर्लेखनाचा प्रस्ताव एप्रिलमध्येच पाठविलेला बरा. नादुरुस्त इंजिन यादीवर राहिले की नव्याची मागणी पुढे सरकत नाही, हा कार्यालयीन व्यवहार सर्वांच्या परिचयाचा आहे.

पेट्रोलचा प्रश्न

टू-स्ट्रोक इंजिनात तेलाची वेगळी टाकी नसते. पेट्रोलमध्ये मिसळलेले तेलच पिस्टनला व बेअरिंगला वंगण पुरविते. गतवर्षी बोट जशी आली तशी ठेवून दिली असेल तर कार्बोरेटरच्या वाटीत थोडे मिश्रण उरलेले असते. खानदेशच्या उन्हाळ्यात त्यातील पेट्रोल उडून जाते आणि तेलाचा चिकट राळेसारखा थर जेटच्या केसाएवढ्या छिद्रांत बसतो. इंजिन सुरू न होण्याचे, किंवा सुरू होऊन वेग न घेण्याचे हे सर्वांत नित्याचे कारण आहे. कार्बोरेटर उतरवून वाटी, जेट व सुईची बैठक द्रावणाने धुवावी आणि हवेच्या झोताने मोकळी करावी. जेटमध्ये तार घालू नये, छिद्र मोठे झाले की मिश्रणाचे प्रमाण कायमचे बिघडते. पॅकिंग नवे घालावे. इंधनपंपाचा पातळ पडदा कडक झाला असेल तर तोही बदलावा.

टाकीतील जुने पेट्रोल ‘थोडे नवे घालून चालवू’ या विचाराने ठेवू नये. या जुन्या सवयीला आता आणखी एक धोका चिकटला आहे. देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण वाढत जाऊन २०२५ मध्ये ते २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. जुनी इंजिने घडविली गेली तेव्हा असे इंधन कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. पावसाळी हवेत, अर्धवट भरलेल्या टाकीत हा ओलावा वाढला की पाणी व इथेनॉल यांचा थर पेट्रोलपासून सुटा होऊन तळाशी बसतो, आणि इंजिनाकडे जाणारी नळीही नेमकी तळातूनच ओढत असते. त्या थरात वंगणाचे तेल जवळजवळ नसते, ते वरच्या पेट्रोलमध्येच राहते. इंजिन अशा वेळी बहुधा बंद पडते. क्वचित चाललेच तर वंगणावाचून चालते, आणि ते अधिक वाईट. जुन्या रबरी नळ्या, टाकीजवळचा हाताने दाबायचा रबरी फुगा आणि पंपाचा पडदा यांनाही इथेनॉल फुगवते व मऊ करते. म्हणून नळी व फुगा नव्या, इथेनॉलला टिकणाऱ्या प्रतीचा घ्यावा आणि बसविताना फुग्यावरील बाण इंजिनाकडे आहे ना, हे पाहावे. मिश्रण गरजेपुरतेच करावे, डब्यावर तारीख लिहावी आणि ते तीन-चार आठवड्यांहून अधिक ठेवू नये.

तेलाचे प्रमाण इंजिनागणिक वेगळे असते. ५० भाग पेट्रोलला १ भाग तेल असे प्रमाण असेल तर एका लिटरला २० मिलिलिटर तेल पडते, म्हणजे २४ लिटरच्या टाकीला ४८०. अधिक जुन्या इंजिनांना २५ भागांस १, म्हणजे याच्या दुप्पट तेल लागते. अंदाजाने ओतण्याऐवजी औषधाच्या मोजपात्राचा उपयोग करावा आणि प्रमाण झाकणाच्या आतल्या बाजूस रंगाने लिहून ठेवावे. पावसात, रात्री, घाईत कोणी पुस्तक उघडून पाहत नाही. तेल टीसी-डब्ल्यू ३ प्रतीचे, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठीचेच हवे. दुचाकीचे टू-टी तेल हवेने थंड होणाऱ्या, अधिक तापणाऱ्या इंजिनांसाठी असते. त्यातील राख निर्माण करणारी द्रव्ये येथे प्लगवर आणि पिस्टनवर साचतात.

ठिणगी, आणि एक लाल दोरी

प्लग शक्यतो नवे घालावेत, संपूर्ण दुरुस्तीत एवढी स्वस्त वस्तू दुसरी नाही. ठिणगी तपासताना प्लगचे धातूचे अंग इंजिनाच्या धातूला घट्ट टेकलेले असावे आणि जवळ पेट्रोल उघडे नसावे. फार जुन्या इंजिनांत चक्राखाली संपर्कबिंदू असतात. वर्षभराच्या विश्रांतीने त्यांवर बुरशीसारखा थर येतो, तो बारीक कागदाने पुसला की ठिणगी परत येते. नंतरच्या इंजिनांत इलेक्ट्रॉनिक पेटी असते. तिच्या बाबतीत प्लगच्या तारा मोकळ्या हवेत सोडून इंजिन फिरवू नये, पेटी जळण्याचा संभव असतो.

एवढे करूनही ठिणगी दिसली नाही तर कॉइल बदलण्यापूर्वी चालकाच्या मनगटाला बांधायच्या दोरीकडे पाहावे. ही लाल, गुंडाळीची दोरी एका चिमट्याने इंजिनाच्या बटणाला जोडलेली असते. चालक पाण्यात पडला तर चिमटा सुटतो आणि इंजिन बंद होते. चिमटा जागेवर नसेल तर अनेक इंजिनांत ठिणगीच पडत नाही. सुरक्षिततेसाठी असलेली ही दोरी साठवणुकीत हरवते. मग उत्तम इंजिन नादुरुस्त ठरते, अथवा कोणीतरी तार जोडून बटण कायमचे निकामी करतो. दुसरा प्रकार पहिल्याहून घातक, कारण चालकावाचून पुरात गोल फिरणारी बोट ज्यांना वाचवायला गेली त्यांच्यावरच येते. दोरीचे दोन संच ठेवावेत, एक इंजिनाला आणि एक सीलबंद पाकिटात.

पाण्याखालचा भाग

ज्याची दुरुस्ती मोटारसायकलीच्या अनुभवावर होत नाही, तो हा भाग. खालच्या पायात, पंख्याच्या वर, रबरी पातीच्या इंपेलरचा छोटा पंप असतो. नदीचे पाणी खेचून इंजिनाभोवती फिरविणे हे त्याचे काम. महिनोन्‌महिने एकाच स्थितीत राहिलेल्या रबराला वाकण तशीच पडते, उन्हाळ्याच्या उष्णतेने ते कडक होते आणि पहिल्याच फेरीत पाते तुटते. शिवाय पुराच्या पाण्यातील तापीचा गाळ हा काचकागदासारखाच. पंपाचे घर आतून त्याने झिजते. म्हणून लांब विश्रांतीनंतर इंपेलर न तपासता बदलावा, हा नियम धरावा. खालचा पाय चार-पाच बोल्ट आणि गिअरची कांडी सोडून खाली उतरतो. जुन्या इंपेलरचे एखादे पाते कमी दिसले तर तो तुकडा पाण्याच्या मार्गात कोठेतरी अडकलेला आहे असे समजून तो सापडेपर्यंत शोधावा.

गिअरपेटीतील तेल खालचा स्क्रू काढून भांड्यात घ्यावे. ते काळपट असेल तर नुसते बदलावे. ताकासारखे पांढुरके असेल तर आत पाणी गेले आहे. पंख्यामागचे ऑईल सील बहुधा दोषी असते आणि त्याचे कारण पंखा काढल्यावर दिसते : मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉन धागा आसाभोवती गुंडाळून सीलमध्ये रुतलेला असतो. सील बदलल्यावर नवे तेल खालच्या भोकातून वर भरत जावे, वरच्या भोकातून ते ओसंडले की आधी वरचा व मग खालचा स्क्रू लावावा. वरून ओतल्यास आत हवा कोंडून राहते आणि पेटी अर्धीच भरते.

जुन्या लहान इंजिनांत पंखा एका मऊ धातूच्या पिनेने अडकवलेला असतो. पंखा खडकावर किंवा बुडालेल्या फांदीवर आदळला की ही पिन मोडते व गिअर वाचतो. तिच्या जागी खिळा ठोकण्याचा प्रघात आहे. खिळा मोडत नाही, गिअर मोडतो. चार पिना आणि त्या बदलण्याचा पाना झाकणाच्या आत टेपने चिकटवून ठेवावा.

पिंपात आणि नदीत

आता दोरी ओढण्याची वेळ. २०० लिटरचे पिंप उघड्या जागेत ठेवून त्यात पाणी पंख्यावरच्या आडव्या पट्टीच्या वर येईल इतके भरावे. कोरडे इंजिन ‘एकदाच, क्षणभर’ सुरू करून पाहणे म्हणजे नवा इंपेलर त्या क्षणात जाळणे होय. गिअर मधल्या स्थितीत, टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू उघडा, फुगा कडक होईपर्यंत दाबलेला, चोक ओढलेला, आणि मग दोरी. प्रथम सिलिंडरमधील तेल जळून दाट पांढरा धूर निघेल, त्याला भिऊ नये. लक्ष पाण्याच्या धारेवर ठेवावे. मिनिटाभरात ती सुरू झाली नाही, किंवा इंजिनाच्या डोक्यावर टाकलेला पाण्याचा थेंब चुरचुरून उडाला, तर तत्काळ बंद करावे. सर्व ठीक असल्यास सावकाश गतीने दहा मिनिटे चालू द्यावे, पिंपात वेग वाढवू नये. नंतर पिंपातील तेलकट पाणी विहिरीजवळ अथवा नाल्यात ओतले जाणार नाही, याची दक्षता घ्यावी.

पिंपातील चाचणीने काम संपत नाही. उन्हाळ्यात तापीचे पात्र बऱ्याच ठिकाणी कोरडे असले तरी हतनूरच्या जलाशयात आणि बंधाऱ्यांच्या वर पाणी असते. संबंधितांच्या परवानगीने तेथे बोट न्यावी, फळीवरील पकड आवळून इंजिनाला सुरक्षेची साखळी लावावी, सर्वांनी जीवनरक्षक जाकीट घालावे, वल्ही व दोर बरोबर घ्यावेत आणि पुरात जितकी माणसे बसतील तितकी बसवून अर्धा तास बोट चालवावी. रिकाम्या बोटीत उत्तम चालणारे इंजिन भार पडताच गुदमरते, तेव्हा कार्बोरेटर पुन्हा उघडावा लागतो. ही गोष्ट मे महिन्यात कळलेली चांगली. त्याच वेळी ज्यांची नावे नियंत्रण कक्षाच्या यादीत चालक म्हणून आहेत, त्या प्रत्येकाने स्वतः इंजिन सुरू करून दाखवावे. १ जूननंतर आठवड्यातून एकदा दहा मिनिटे इंजिन चालविले तर मिश्रण शिळे होत नाही आणि इंपेलरलाही एका बाजूस वाकण पडत नाही.

ऑक्टोबरमध्ये बोट पुन्हा गोदामात जाईल. तत्पूर्वी इंजिन स्वच्छ पाण्याच्या पिंपात चालवून आतील गाळ धुवावा आणि चालू असतानाच इंधनाची नळी काढून ते आपोआप बंद पडू द्यावे, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होतो. प्लगच्या भोकांतून तेल सोडावे. गिअरपेटीचे तेल त्याच वेळी बदलावे, पाणी गेलेले तेल आत ठेवून आठ महिने गिअर गंजविण्यात अर्थ नाही. इंजिन उभेच ठेवावे, आडवे टाकल्यास आतले पाणी सिलिंडरकडे उतरू शकते. वर सुती कापड घालावे, प्लॅस्टिक नको. बॅटरी असल्यास वेगळी काढावी.

या सर्वाची नोंद जडवस्तू नोंदवहीत मावत नाही. इंजिनासाठी वेगळी वही असावी आणि तीत चालविल्याची तारीख, किती मिनिटे चालले, पाण्याची धार आली किंवा नाही, मिश्रण कोणत्या दिवशी केले, कोणता भाग बदलला, एवढे रकाने पुरेत. शेवटच्या रकान्यात दोरी ओढणाऱ्याची स्वाक्षरी घ्यावी. वहीच्या पुठ्ठ्याच्या आत लाल दोरीचे ते सीलबंद पाकीट चिकटवावे आणि वही गोदामाच्या किल्लीबरोबर ठेवावी.